देवणीच्या बैलाचं पोट

लोक भेटले की "काय म्हणता, बरं हाय ना?" असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढे सरकतात. आमचे सर "पोट काय म्हणतंय?" असं विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत वाट अडवून उभे राहायचे. "ठीक आहे" या उत्तराने त्यांचं भागत नसे. ठीक म्हणजे कसं, आवाज करतं का, करत असेल तर जेवणाआधी की जेवणानंतर, आणि माणूस काळजीत असला की काय करतं, हे सगळं त्यांना हवं असे. प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडायच्या जरा आधी ते बोहल्याजवळ गेले आणि नवरदेवाला त्यांनी हाच प्रश्न विचारला. नवरदेव साधा माणूस होता, त्याने खरं उत्तर दिलं. मग सरांनी त्याला तिथेच बसवून ओव्याचं पाणी पाजलं आणि मुहूर्ताला उशीर झाला. प्राचार्य पुढे वर्षभर सरांशी कामापुरतंच बोलत होते. सरांना ते कळलं नाही.

मी लातूरला प्राणिशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मी हदगावचा, म्हणजे नांदेड जिल्ह्याचा, म्हणजे पिढ्यानपिढ्या जिल्ह्यात राहिलेला माणूस. लातूरकरांचा नवा उत्साह मी खानदानी नजरेने बघत असे. दिसेल त्या पाटीवर 'जिल्हा' हा शब्द घुसवला जात होता. स्टँडसमोरच्या न्हाव्याने 'जिल्हा केशकर्तनालय' असं रंगवून घेतलं होतं आणि तो गिऱ्हाइकांशी साहेबाच्या आवाजात बोलू लागला होता. कलेक्टर आले, त्यांच्या मागे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांच्या मागे चहाच्या टपऱ्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. बायका घागरी घेऊन टँकरच्या मागे धावत होत्या, आणि त्या टँकरवरही 'जिल्हा' लिहिलेलं होतं.

सर आमचे विभागप्रमुख. पहिल्या दिवशी त्यांनी माझा अर्ज वाचला, गाव पाहिलं आणि "या, नांदेडकर" म्हणाले. माझं नाव त्यांनी त्यानंतर कधी घेतलं नाही, बहुधा वाचलंच नव्हतं. कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे, सदऱ्याच्या आत चांदीच्या करंड्यात इष्टलिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. देवणीकडचं कडक लिंगायत घराणं. घरात अंड्याचं नाव काढलं तरी सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चूळ भरायच्या. आणि असा हा माणूस पूजा आटोपली की चहाचा थर्मास काखोटीला मारून थेट खाटकाच्या दुकानात जायचा.

थर्मासमध्ये चहा नसे. अंगाइतकं कोमट, मीठ आणि साखर मोजून घातलेलं पाणी असे. खाटीक चाचाने बकरी कापली की सर आतड्याचा वीतभर तुकडा मागून घेत, थर्मासात सोडत आणि झाकण लावून सायकलवर टांग मारत. तुकडा गार होऊ द्यायचा नाही, एवढाच त्यातला हेतू. चाचा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, "प्रोफेसर साब का धंदा अलग है, अपनेकू समझता नै." बाजाराला मात्र सगळं समजलं होतं. घरी बायको करू देत नाही म्हणून मास्तर रोज तयार रस्सा नेतो, थर्मासमधून नेतो म्हणजे गरम राहतो, असं अडत बाजारात ठरून गेलं होतं. त्याचा परिणाम आमच्या स्टाफरूमवर झाला. तिथे कुणाच्याही थर्मासमधला चहा कुणीही घेईना. मराठीच्या नव्या बाई एकदा घरून सर्वांसाठी मोठ्या हौसेने चहा घेऊन आल्या, तर त्या दिवशी अख्ख्या स्टाफरूमला ॲसिडिटी झाली.

सरांचं संशोधन कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत चाले. एका पितळी घंगाळात कोमट पाणी, खाली स्टोव्ह, पाण्यात उभी एक काचेची नळी आणि नळीत ते आतडं. माशांच्या पेटीला लावतात तो पंप हवेचे बुडबुडे सोडत बसलेला. मी एम.एस्सी. होतो, पुस्तकात सगळं वाचलेलं होतं, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन पावलं मागे सरलो. आतडं हलत होतं. बकरी तासापूर्वी कापली गेली होती, तिचं मटण एव्हाना गावभर वाटलं गेलं होतं, आणि हा तुकडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुरवंटासारखा सरकत होता, जणू आत अजून कालचा पाला आहे आणि तो वेळेत पुढे ढकलायचा आहे. मुलांना सर दरवर्षी हे दाखवत. एकाने घाबरत विचारलं होतं, सर, याला कोण सांगतंय हलायला, डोकं कुठं हाय याचं?

"डोकं चाचाच्या दुकानात टांगलंय," सर म्हणाले. "ह्याला त्याची आठवण बी न्हाई."

आतड्याच्या दोन स्नायूंच्या थरांमध्ये चेतापेशींचं एक जाळं असतं. मेंदूशी संबंध तोडला तरी ते जाळं स्वतःच्या हिमतीवर आतडं चालवतं. शास्त्राला ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत होती, पण लातूरला ती सरांनी आणली, आणि लातूरने ती आपल्या पद्धतीने परत केली. मेंदू म्हणजे मुंबई, असं सर सांगत. वर्षातून दोनदा निरोप येतो, एखादा दौरा होतो, बाकी कुणाला काय द्यायचं, कुणाचं अडवायचं, काय पुढे ढकलायचं हे सगळं इथल्या इथे ठरतं. आतडं म्हणजे स्वतंत्र जिल्हा. ही उपमा त्यांनी एकदा स्नेहसंमेलनात खुद्द एका कचेरीच्या साहेबांसमोर वापरली आणि पुढे जिल्ह्यातून अखेरीस काय बाहेर पडतं तेही सांगितलं. साहेब भाषण न करताच गेले.

ते आतड्याचा वरचा पापुद्रा सोलून त्यावर निळा रंग सोडत. जिवंत चेतापेशी तो रंग पिते आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळी दिसू लागते. सर तासन्‌तास डोळा लावून बसायचे. डोळा उचलला की त्यांना समोरचं जग जरा खालच्या दर्जाचं वाटत असावं, कारण ते लगेच पुन्हा आत बघायचे.

घरी वेगळीच अडचण होती. खाटकाकडे जाऊन आलेल्या माणसाने अंघोळीशिवाय घरात पाय ठेवायचा नाही, असा वहिनींचा कायदा होता. दुष्काळात दिवसातून दुसरी अंघोळ म्हणजे दिवसाढवळ्या घातलेला दरोडा. शेवटी तडजोड निघाली. सरांनी परसात बेलाच्या रोपट्याच्या आळ्याशी उभं राहायचं आणि वहिनींनी एक तांब्या त्यांच्या डोक्यावर ओतायचा, म्हणजे नवरा शुद्ध होतो आणि बेलही जगतो. त्या उन्हाळ्यात गल्लीतलं प्रत्येक झाड वाळलं. वहिनींचा बेल तेवढा हिरवागार होता आणि असल्या पाण्यावर पोसलेला म्हणून त्यांना त्याचा संशय यायचा.

आता एवढा उपद्व्याप कशासाठी, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पीएच.डी.साठी नाव नोंदवलेलं नव्हतं, निबंध कुठे पाठवलेला नव्हता, बढती तर ते केव्हाच विसरले होते. दुष्काळ पडला तसे ते चाचाकडे मुद्दाम रोडकी बकरी मागू लागले. लोक पाणी शोधत होते आणि हे उपाशी आतडी शोधत होते. मी एकदा चिडून म्हणालो की सर, लोक तुम्हाला वेडा म्हणतात ते उगाच नाही. ते स्टोव्हला पंप मारत होते. पंप मारता मारताच त्यांनी मला शेवऱ्याची गोष्ट सांगितली.

शेवरा म्हणजे त्यांच्या वडिलांचा, अप्पांचा, देवणी जातीचा बैल. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, गावात तसा दुसरा नव्हता. सर दहा-अकरा वर्षांचे असताना असाच दुष्काळ पडला होता. अप्पांनी बाकीची जनावरं विकली, शेवरा ठेवला. त्याला छपराचं काड काढून घातलं, बाभळीच्या शेंगा घातल्या, मग घालायला काही उरलं नाही. अप्पा सीमेपलीकडे सासुरवाडीला चालत गेले आणि पाठीवर ज्वारीचं पोतं घेऊन आले. घरात पोतं ठेवून ते झोपले. पोराने पाहिलं, बैल आपल्याकडे बघतोय. त्याने पाटीभर ज्वारी भरून त्याच्यापुढे ठेवली. बैलाने सगळी खाल्ली, पाटी चाटली. दुपारी तो फुगून बसला आणि दिवस मावळायच्या आत मेला. अप्पांनी रिकामी पाटी पाहिली. पोराला मारलं नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की तू काय करणार बाळा, उपासानं त्याचं पोट आधीच मेलं होतं.

"हे खरं हाय का, एवढंच बघायचंय मला," सर म्हणाले. "उपासानं पोट मरत असलं तर मी सुटलो. मरत नसलं तर शेवऱ्याला मीच मारला."

मी माझं एम.एस्सी. बाहेर काढलं. म्हटलं, बकरी वेगळी, बैल वेगळा. दाणा जास्त झाला की जनावराच्या पोटात तो आंबतो आणि ते मरतं, त्यात चेतापेशींचा काय दोष? सरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं की आंबलं कशानं? पाटीभर घातलं म्हणून ना? पोट जिवंत असतं आणि मी मूठ मूठ घातलं असतं, तर? लातूर जिल्ह्यात संशोधन चाललं होतं ते एका मेलेल्या बैलासाठी, आणि तेही स्वतःवरच्या खटल्याचा निकाल लावायला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

प्रयोग असा होता. उपाशी बकरीचं आतडं नळीत ठेवायचं आणि त्यावर साखरपाणी थेंबथेंब सोडायचं. जाळं जिवंत असेल तर आतडं उठेल. थेंब सोडायची काचेची नळी होती, ती शिपायाने धुताना फोडली. नवी मागवायची तर प्राचार्यांची सही, त्यावर संस्थेच्या अध्यक्षांची सही, म्हणजे दुष्काळ संपेपर्यंत वाट बघणं आलं. सरांनी दोन दिवस विचार केला आणि देवळाच्या गल्लीत जाऊन महादेवावर टांगतात तसलं स्टीलचं अभिषेकपात्र विकत आणलं. तांब्याचं का नाही, असं मी विचारलं, तर तांब्याने आतडं रुसतं म्हणाले. पात्राच्या भोकात कापसाची वात घातली की थेंब हवा तसा पडायचा. छताच्या लोखंडी नळीला साखळीने ते टांगलं. खाली पितळी घंगाळ, त्यात काचेची नळी, नळीत गडद, गुळगुळीत, ओलसर काहीतरी उभं, आणि वरून थेंब थेंब धार. खोलीत धूळ नको म्हणून सर चपला बाहेर काढून अनवाणी बसत, कपाळावर सकाळची विभूती तशीच. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. रोज पाहणाऱ्याला दिसत नाही.

आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे अण्णा म्हणत, मोठे अडत दुकानदार. तूर बघून पुढच्या वर्षीचा भाव सांगायचे. माणूस सश्रद्ध आणि तसा मनाचा मोठा. संस्था त्यांनी स्वतःच्या जागेवर उभी केली होती. लातूर जिल्हा झाल्यावर आपलं कॉलेजही जिल्ह्याला शोभलं पाहिजे, म्हणून कुठल्या खोलीचं काय करायचं हे बघत ते एका दुपारी फिरत होते. शिवाय रस्स्याची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचलेली होतीच. म्हणजे ते यायचे ते तावात आले होते. दारात आले आणि तिथेच थबकले.

समोर पात्र टांगलेलं, धार चाललेली, सर अनवाणी, डोळे नळीवर, ध्यान लागलेलं. अण्णांचा चेहरा पालटला. त्यांनी हळूच चपला काढल्या. आपण या माणसाबद्दल काय काय ऐकून घेतलं, याचा पश्चात्ताप त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होता. ते पुढे झाले, हात जोडले, वाकून नमस्कार केला. सर आतड्याकडेच बघत होते, त्यांना पत्ताच नाही. मी तोंड उघडलं, पण अध्यक्ष नमस्कार करत असताना मध्ये काय बोलायचं असतं हे मला नांदेडमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. अण्णांनी धारेखाली उजवा तळहात धरला, तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला.

"गोड हाय तीर्थ," ते हळू आवाजात म्हणाले. "सर, ही पिंड कुठची आणली?"

सर खोटं बोलत नसत. आजवर कधी बोललेले मी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान वर केली, अध्यक्षांना ओळखलं आणि आदराने उभे राहिले.

"बकरीचं आतडं हाय, अण्णा. चाचाकडचं."

मग अण्णांची अवस्था पाहून त्यांना दया आली आणि त्यांनी धीर दिला. तुम्ही धारेतलं वरचं पाणी घेतलंय, खालचं नाही, ते स्वच्छ साखरपाणी आहे, तब्येतीला चांगलं असतं. पण अण्णा तोवर भिंतीला धरून बाहेर पोचले होते आणि व्हरांड्यात त्यांच्या पोटातलं सगळं वर येत होतं. सर दारात उभं राहून ते मोठ्या औत्सुक्याने पाहत राहिले. मेंदूचाही थोडा अधिकार चालतो म्हणायचा, असं ते नंतर मला म्हणाले, आणि त्यात चेष्टेचा लवलेश नव्हता.

अण्णा शहाणे. त्यांनी या प्रकाराचा गावात एक शब्द काढला नाही. काढणार तरी कसा, नमस्कार त्यांनीच केला होता, तीर्थही त्यांनीच घेतलं होतं. फक्त त्याच आठवड्यात संस्थेचा निर्णय आला की विद्यार्थ्यांची पाण्याची गैरसोय लक्षात घेता मागची खोली पाण्याच्या टाकीसाठी घेण्यात येत आहे, ती सोमवारपर्यंत मोकळी करावी. खोली गोमूत्राने धुवायची सूचना शिपायाला तोंडी दिली होती. टाकीच्या खोलीला गोमूत्र कशाला, असं शिपायाने मला विचारलं. मी म्हटलं, जिल्ह्याच्या ठिकाणी असतं तसं.

सरांना खोलीचं दुःख झालं नाही, म्हणजे त्यांना ते होण्याइतका वेळ नव्हता. चाचाने निरोप पाठवला की औशाकडून कळप विकायला आलाय, त्यातली एक बकरी "बिल्कुल हड्डी" आहे. शनिवारी सकाळी सर थर्मास घेऊन गेले आणि दोन तुकडे घेऊन आले. इतकं पातळ आतडं मी पाहिलं नव्हतं, पलीकडचं दिसत होतं. सरांनी एक तुकडा नळीत लावला, वात सारखी केली, धार सोडली आणि बसले.

काहीच झालं नाही. थेंब पडत होते, बुडबुडे येत होते, आतडं दोऱ्यासारखं लोंबत होतं. बराच वेळ गेला. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा सैल पडत चालला होता. इतके दिवस ज्या माणसाला मी आतडं हललं की खुलताना पाहिलं होतं, त्या माणसाला ते हलत नाही म्हणून बरं वाटत होतं. त्यांनी खांदे टाकले, भिंतीला पाठ लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले की नांदेडकर, चहा सांगा बरं, दोघांना.

मी दारापर्यंत गेलो आणि मागून काही आवाज नाही म्हणून वळलो. सर पुढे वाकले होते. आतड्याच्या वरच्या टोकाला एक वळी उठली होती. ती विरली. पुन्हा उठली, जरा खाली सरकली. थेंब पडत राहिले आणि ते पापुद्र्यासारखं आतडं हळूहळू, अडखळत, पण ठरलेल्या दिशेनेच चालू लागलं. उपाशी होतं, मेलेलं नव्हतं. वाट बघत होतं.

सर उठले. दुसरा तुकडा त्यांनी पेल्यात सोडला आणि त्यावर घट्ट साखरपाण्याची वाटी एकदम उपडी केली. तो तुकडा आकसला, कडक झाला आणि पुन्हा सुटला नाही. सरांनी स्टोव्ह विझवला.

"चहा राहू द्या," ते म्हणाले.

मला त्या क्षणी अण्णांचा राग आला नाही, दुष्काळाचा आला नाही, त्या वीतभर आतड्याचा आला. आणखी तासभर गप्प पडून राहिलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं?

रविवारी सकाळी सर माझ्या खोलीवर आले. देवणीला जायचंय म्हणाले, अप्पांना सांगायचंय, तुम्ही बरोबर चला. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कालपासून ह्यांनी पोटात काही घातलेलं नाही, तिकडे तरी जेवायला लावा. उदगीरला आम्ही एस.टी. बदलली. पुढच्या गाडीत सरांनी अप्पांना कसं सांगायचं याचा सराव सुरू केला. आधी जाळं समजावून सांगायचं, मग निळा रंग, मग थेंब, मग शेवरा. मी म्हटलं, सर, सरळ सांगा की मी मारला. ते म्हणाले की मग पुरावा कुठं आला?

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरं पांढरी पडली होती. गावाबाहेर छावणीत जनावरं बांधलेली होती. सरांनी तिकडे पाहिलं नाही.

अप्पा ओसरीवर बसले होते. वय झालेलं, पण पाठ ताठ, डोळे चांगले. "बर्री, बर्री," असं घरच्या कानडीत स्वागत झालं. मला त्यांनी गाव विचारलं, नांदेड ऐकून "मोठा जिल्हा" म्हणाले, आणि मी त्यांना तत्काळ आपलं मानलं. सरांच्या भावजयीने ताटं आणली. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगाची चटणी. सर ताटाकडे बघत बसून राहिले.

अप्पांनी भाकरी मोडली. "खोली काढून घेतली म्हणं तुझी. मंग काय निघालं शेवटी तुझ्या त्या आतड्यातनं?"

मी हातातला घास तसाच धरला. आता जाळं, मग निळा रंग, मग थेंब. ज्या माणसाने अध्यक्षांच्या तोंडावर बकरीचं आतडं सांगितलं होतं, नवरदेवाला बोहल्यावर सोडलं नव्हतं, त्याने एकदा अप्पांच्या सुरकुतलेल्या हाताकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणला तेच निघालं, अप्पा," सर म्हणाले. "उपासानं पोट आधीच मरतंय. शेवऱ्याचं मेलंच होतं."

मला ठसका लागला. भावजयीने पाणी दिलं. अप्पांनी मोडलेली भाकरी ताटात ठेवली.

"मंग तुझं यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "शेवऱ्याचं पोट चांगलं होतं. सकाळी त्यानं शेण टाकलं, मी माझ्या हातानं उचललं. तू पाटी ठिवलीस, त्यानंच त्यो मेला. तू रडून रडून जेवत नव्हतास, म्हणून म्हणलो तसं."

सरांनी विचारलं, इतक्या वर्षांत हे सांगितलं का नाही?

"तू इचारलास कधी?"

सर रडले. पन्नाशीला आलेला माणूस, विभूती लावलेला, वडिलांच्या समोर ताटावर बसून रडला, आणि मी त्यांचा सहकारी म्हणून तिथे का बसलो होतो हे मला समजेना. त्यांच्यावर इतकं हसलो होतो मी, पण त्या ओसरीवर मला ते सख्ख्या भावासारखे वाटले. अप्पांनी त्यांना रडू दिलं. रडणं ओसरल्यावर त्यांचं ताट पुढे ओढून त्यात भाकरीचा एक लहान तुकडा कुस्करला, वर वरण ओतलं आणि ताट परत सरकवलं.

"हळू खा," अप्पा म्हणाले.